आई बसली की आबांचं भाषण अडखळायचं नाही

आधीच सांगते, मी या सदरातले गूढ अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात ना देव, ना भूत. तेव्हा हे वाचून कोणी मला उपाय सुचवू नयेत... मी मागितलेले नाहीत.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी सांगलीत विश्रामबागला राहायचे, एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायचे. आबा, म्हणजे माझे वडील, कुंडलला शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर काही महिन्यांतच त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. मी आई-आबा दोघांना माझ्याकडे घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, "त्यांचा जुना आवाज त्यांना ऐकवा, ओठ दिसू द्या. सोबत बोलायचा प्रयत्न करू द्या."

आवाज होता — निरोप समारंभातल्या भाषणाची व्हिडिओ कॅसेट. कराडला देऊन तिची सीडी करून आणली आणि माझ्या जुन्या, असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर लावली. चित्र अडखळायला लागलं. आवाज पुढे जायचा, ओठ मागे राहायचे, मग दोन्ही थांबायचे. आबा "मु... मु..." करत पडद्यावरच्या "मुलांनो"मागे धावायचे आणि शेवटी मान फिरवायचे. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मी हट्टाला पेटले. ड्रायव्हर बदलले, प्लेअर बदलला, स्क्रीनवरचे रंग कमी केले, सीडी हार्डडिस्कवर कॉपी केली. कॉम्प्युटरवाल्याने हात टेकले — "मॅडम, मशीनची ताकदच नाही. नवीन घ्या."

एका रविवारी दुपारी आई हात पुसत आली आणि आबांच्या शेजारी सतरंजीवर बसली. भाषण तिने ऐकलंच नव्हतं. समारंभाच्या दिवशी ती घरी पाहुण्यांचा स्वयंपाक करत होती. आणि चित्र सरळ चालायला लागलं. एकदाही न अडखळता, शेवटच्या टाळ्यांपर्यंत!

मला वाटलं, योगायोग. आई चहा टाकायला उठली, पुन्हा लावलं — अडखळलं. ती येऊन बसली — सुरळीत. सतरंजीखालून वायर गेली होती, म्हणून तिच्या जागी मी बसून पाहिलं, मग गव्हाचं पोतं ठेवून पाहिलं. काही नाही. सिनेमाची सीडी लावली, ती आई समोर असतानाही अडखळली. फक्त हीच सीडी, आणि फक्त आई.

"आई, तू करतेस काय?"

"काय करणार? ऐकती. लय चांगलं बोलल्यात ह्ये."

मग रोज दुपारी ती बसायची. आबा पडद्यावरच्या आबांबरोबर ओठ हलवायचे. हळूहळू सूर निघायला लागला, पण शब्द काही फुटेना.

मी मूर्खासारखं हे शेजारच्या काकूंना बोलून गेले. दुसऱ्याच दिवशी त्या ताटात नारळ, खण, हळदकुंकू घेऊन दारात हजर. "वहिनी, तुमच्यात शक्ती आहे हो. ओटी भरते. माझ्या सुनेला जरा हात लावाल का?"

आई उठली. "आवं, माझ्या अंगात कायबी न्हाई. आमी असलं मानत न्हाई."

"नाही कसं? डोळ्यांसमोर घडतंय की!"

"घडू द्या. मशीन हाय, घडतंय कायतरी. म्हणून मी देवी व्हनार न्हाई."

काकू तरीही ताट पुढे करत राहिल्या. तेवढ्यात मागून खुर्चीतून आवाज आला. जड, चिरका.

"नारळ... परत... न्या."

आई वळून बघतच राहिली. मी आबांच्या पायाशी बसून रडले. आबा मात्र काकूंकडेच बघत होते, आणि रागाने लाल झाले होते.

पुढे ते बोलायला लागले, तुटक, पण बोलायला लागले. जुना कॉम्प्युटर एका पावसाळ्यात कायमचा बंद पडला. नव्यावर ती सीडी कोणाहीसमोर नीट चालली, त्यामुळे आता पडताळून बघायलाही काही उरलं नाही.

कारण असणारच. मला सापडलं नाही, अजूनही नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा — विजेचं, प्रोसेसरचं, सीडीचं, कशाचंही. देवाचं सांगायचं असेल तर मात्र मला लिहू नका. आई अजून खणखणीत आहे. तिच्यासमोर येऊन सांगा.