तिचं वरचं घर

मी गवंडी. चौथीपर्यंत शिकलो, मग थापी हातात घेतली. पांढरकवड्यात आणि केळापुराकडं किती घरं बांधली ते आता सांगता येणार नाही. आमचं स्वतःचं मात्र दोन खोल्यांचं, वर टिनं, बाहेरून प्लास्टर नाही. बायको त्यावरून कधी भांडली नाही. म्हणायची, "आपलं घर वर हाये. हे धर्मशाळेवाणी. राहाचं, झाडाचं, निंघाचं."

मला राग यायचा. "तिथं तरी प्लास्टर हाये का?"

"बांधणारा तुमच्यासारखा नाही. काम अर्धं टाकून जात नाही थो."

अकरा वर्षं मी चर्चची पायरी चढलो नव्हतो. आवाराची भिंत बांधायची होती, ते काम कमिटीनं दुसऱ्या गवंड्याला दिलं. मी त्याच चर्चच्या मंडळीतला माणूस, आणि भिंतीला गवंडी बाहेरचा. तेव्हापासून दर रविवारी तिला सायकलवर फाटकापर्यंत सोडायचो आणि उपासना सुटेपर्यंत कडुलिंबाखाली बसायचो. ती त्यावर एकदाच बोलली. "एका भिंतीपायी वरचं घर सोडता काय? मी एकटी तिथं काय करू?" मी हसून टाळलं.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. कावीळ झाली, आठ दिवसांत आटोपलं. मातीच्या वेळी चर्चचे पाळक म्हणाले, बाई आपल्या खऱ्या घरी पोचली. सगळे आमेन म्हणाले. मी म्हणालो नाही. ती पोचली यात मला शंका नव्हती. मी पोचतो की नाही, हा प्रश्न होता.

कबर मीच बांधली. दुसऱ्याला हात लावू दिला नाही. उन्हात नवं सिमेंट तडकतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन पाणी मारायला जायचो. गावात बोलणं सुरू झालं, म्हातारा बायकोला पाणी पाजतो, डोकं फिरलं. शेवटी पाळक आले. पोरगाच आहे, माझ्या नातवाच्या वयाचा.

"बाबा, आई इथं नाही. तिला आता तहान लागत नाही."

"तिले कोण देऊन राह्यलं? सिमेंटले मारून राह्यलो. तडा गेला तर तुमी भरान काय?"

पाळक ओशाळले. मग माझ्या हातातली बादली घेतली आणि हापशीवरून दुसरी खेप स्वतः आणली. पँट भिजली. त्यांचं ते पाहून मी विचारून टाकलं.

"पाळकसाहेब, फाटकाबाहेर बसणाऱ्याले तिथं घेतात काय?"

"कोण बसलं बाहेर?"

"मी. अकरा वर्षं."

त्यांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "आई दर रविवारी तुमचं नाव घेऊन प्रार्थना करायच्या. मोठ्यानं. मंडळीला पाठ झालं आहे. बाबा, ते घर आपल्या कमाईचं नाही. देणारा द्यायला बसला आहे. तुम्ही आत यायचं तेवढं राहिलं."

"आन् भिंतीचं?"

"भिंत वाकडी आहे. सगळ्यांना माहीत आहे."

मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी आत गेलो. पुरुषांच्या बाजूला शेवटच्या सतरंजीवर बसलो. पलीकडं बायकांमध्ये तिची खिडकीजवळची जागा कोणी घेतली नव्हती. तिकडं दोनदा पाहिलं, मग पाहणं बंद केलं. साक्षीची वेळ झाली. आमच्यात ज्याला प्रभूनं काही केलं असेल तो उभा राहून सांगतो. मी उभा राहिलो.

"मले बोलता येत नाही. रागापायी मी बाहेर बसलो, चुकलो. तिच्या घरी मले जायचं हाये. प्रभूनं घ्यावं. एवढंच."

मी खाली बसलो. मग बायकांमधून आमच्या शेजारची म्हातारी म्हणाली, "घेईन हो थो. पण आज प्रेमभोजन हाये, जेवल्याबिगर जाऊ नका."

सगळी मंडळी हसली. पाळकही हसले. मी जेवलो. भात दोनदा घेतला.