मूळपुरुषांचा बेस क्लास

आमच्या ऑफिसात बावीस माणसं होती आणि त्यांतली एकवीस आपल्याच पुण्याईवर जगतात, असं एका माणसाचं प्रामाणिक मत होतं. त्यांना आम्ही तोंडावर सर म्हणायचो आणि पाठीमागे मूळपुरुष. पाठीमागचं नाव त्यांच्या कानावर गेलेलं होतं आणि, खरं सांगायचं तर, त्यांना ते आवडलेलंही होतं.

धंदा आमचा साधा. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही वेबची पानं लिहायचो. माणूस घरी बसून मोबाइलवर बोट दाबतो, आमच्या सर्व्हरवरचा प्रोग्रॅम त्याचं मागणं ऐकतो, रिपोर्ट शोधतो आणि परत पाठवतो. एका पानाला एक प्रोग्रॅम, अशी एकशेचाळीस पानं. आता प्रत्येक पानाला काही कामं सारखीच असतात. आलेला माणूस कोण, त्याला आत सोडायचं का, त्याला हवंय काय, काही बिनसलं तर सांगायचं कसं. ही कामं मूळपुरुषांनी अकरा वर्षांपूर्वी एकदाच बसून लिहून काढली आणि त्याला बेस क्लास म्हटलं. पुढे ज्याला नवं पान लिहायचं असेल त्याने वरच्या ओळीत एवढंच कबूल करायचं, की हे पान त्या बेस क्लासच्या वंशातलं आहे. मग सगळी वडिलोपार्जित इस्टेट आपोआप मिळायची आणि खाली आपल्यापुरत्या दहा ओळी खरडल्या की पान तयार.

काम उत्तम होतं, ह्यात वाद नाही. वाद असा, की ते उत्तम आहे हे आम्हाला दिवसातून तीनदा ऐकावं लागायचं. "तुम्ही लोक आयत्या पिठावर रेघोट्या ओढता," ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे. त्यांनी बेस क्लासचे अकरा कागद छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले होते. नवीन माणूस रुजू झाला, की आधी ती पोथी त्याच्या हातात. आठ दिवसांनी तोंडी परीक्षा. नापास झालेल्याला नोकरीवरून काढत नसत, पण चहाच्या वेळी त्याच्याशी हवापाण्याच्या पलीकडे बोलत नसत.

चुकीच्या बाबतीत त्यांचा कायदा एका वाक्याचा होता: "आधी तुमच्या दहा ओळी तपासा." कुणी चाचरत म्हणालंच, की सर, वरती काही असेल का, तर ते त्याच्याकडे असं बघायचे, जणू त्याने आपल्याच आजोबांच्या वागणुकीबद्दल शंका काढली असावी. कधीकधी एखाद्या लॅबमधून फोन यायचा, की एका पेशंटला क्षणभर दुसऱ्याचं नाव दिसलं. उत्तर ठरलेलं: "पान पुन्हा उघडायला सांगा." पुन्हा उघडलं, की नाव बरोबर यायचं. "बघा," मूळपुरुष फोन ठेवून म्हणायचे, "लोकांना घाई फार."

त्यांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स, नवजात बाळांच्या वॉर्डात. एकदा जेवायला गेलो होतो तेव्हा वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "आमच्याकडेही तपास माझ्या दहा ओळींपासूनच सुरू होतो हो. दूध उतू गेलं तर मी, डाळ लागली तर मी. गॅस मोठा करून गेलेला माणूस मात्र निर्दोष." मूळपुरुष शांतपणे ताक पीत होते. घरात त्यांना अपील नव्हतं, म्हणून ते निकालच ऐकत नसत.

असं सगळं सुरळीत चालू असताना ऑफिसात ती मुलगी आली. तिला सगळे 'नवी' म्हणायचे. सहा महिने पारखून मग कायम करायचं, असा करार होता. तिने चौथ्या महिन्यात 'आजचे रिपोर्ट' हे पान लिहिलं, पोथीबरहुकूम, दहाच ओळींत. त्याच सुमारास आमच्या सर्वांत मोठ्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी पद्धत बदलली. पूर्वी रिपोर्ट तयार होईल तसा ज्याचा त्याला कळायचा. आता सकाळी दहाच्या ठोक्याला सगळ्यांना एकदम मेसेज जाणार होता.

सोमवारी दहाला मेसेज गेला आणि तीनशे लोकांनी एकदम बोट दाबलं. दहा वाजून एका मिनिटाने अडुसष्ट वर्षांच्या एका सुताराला स्वतःच्या नावाखाली कळलं, की तपासणी: गर्भधारणा, निष्कर्ष: आहे. त्याच्या बायकोने त्याला दोन प्रश्न विचारले आणि मग लॅबला फोन लावला. तिकडे एक शाळामास्तरीण आपल्या प्रोस्टेटचा आकार वाचून खुर्चीत बसली होती. असे एकूण एकोणीस फोन आले.

ऑफिसात पोट धरून हसणं चाललं होतं, तेवढ्यात डॉक्टरीणबाई जातीने आल्या. त्या हसल्या नाहीत. "आज सुतार होता म्हणून निभावलं," त्या म्हणाल्या. "उद्या एखाद्या धडधाकट माणसाला दुसऱ्याचा कॅन्सर वाचायला मिळेल. आणि ज्याचा आहे, तो निश्चिंत घरी बसेल. मेसेज आजपासून बंद. शुक्रवारपर्यंत मला सांगा, हे कुणी केलं."

आमचे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, अशा वेळी फार तत्पर असतात. त्यांनी पाच मिनिटांत छडा लावला: पान कुणाचं, नवीचं. म्हणजे चूक कुणाची? शुक्रवारी तिला पत्र द्यायचं ठरलं. त्यात 'पेशंटच्या माहितीबाबत गंभीर निष्काळजीपणा' असे शब्द होते. असं पत्र घेऊन ह्या धंद्यात दुसऱ्या दारात कुणी उभं करत नाही, हे तिलाही कळत होतं.

ती मूळपुरुषांकडे गेली. डोळे लाल, पण आवाज ठीक. "सर, मी माझ्या दहा ओळी शंभरदा वाचल्या. पेशंट कोण, हे माझ्या ओळींत ठरतच नाही. ते वरून येतं."

"वरती अकरा वर्षं काही झालेलं नाही," मूळपुरुष म्हणाले.

पण शुक्रवारी सकाळी काय झालं, ते वहिनींनी मला नंतर सांगितलं. ते टेबलावर पोथी पसरून बसले होते, पोहे गार. वहिनींनी विचारलं, की एवढं काय आहे त्यात? त्यांनी सांगितलं, की सर्व्हर एका पानाचा एकच प्रोग्रॅम उभा करतो, आणि येणारे सगळे त्या एकाच दारात येतात. आलेल्याचं नाव आपण 'चालू पेशंट' म्हणून तिथे लिहून ठेवतो आणि मग त्याचा रिपोर्ट शोधायला जातो.

"कुठे लिहून ठेवता?"

"तिथेच. प्रोग्रॅममध्ये."

"म्हणजे सगळ्यांत मिळून एकच पाटी? आणि तुम्ही आत गेलात तेवढ्यात दुसरा आला, तर?" वहिनी डबा भरत होत्या. "आमच्याकडे असं केलं असतं तर लोक भलतीच पोरं घेऊन घरी गेले असते. आम्ही प्रत्येक बाळाच्या मनगटाला पट्टा बांधतो."

मूळपुरुष डबा न घेताच निघाले. पावणेनऊला ऑफिसात आले ते थेट माझ्याकडे. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसतो. "त्या मशीनवर बस. वेगळ्या नावाने आत जा. मी तीन म्हटलं की दाब." मी दाबलं. अकराव्या खेपेला माझ्या पडद्यावर त्यांच्या पेशंटचं नाव आलं. मी भुवया उंचावल्या. तेवढं आश्चर्य पुरे वाटलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि ते नाव कागदावर उतरवून घेतलं.

दहाला मीटिंग बसली. साहेबांनी पत्र पुढ्यात ठेवलेलं, डॉक्टरीणबाई समोर, नवी दाराजवळच्या खुर्चीत. मी पेनाचं टोपण काढत होतो आणि लावत होतो. साहेबांनी घसा साफ केला, आणि मूळपुरुष म्हणाले, "तिची चूक नाही. चूक बेस क्लासमध्ये आहे. म्हणजे माझी."

आता साहेबांची पंचाईत बघा. चूक नवीची असेल, तर एक पान खराब आणि एक पत्र खर्ची. चूक बेस क्लासची असेल, तर अकरा वर्षं आणि सगळ्या लॅबना फोन. साहेब गहिवरले. "सर, तुमचं मन मोठं आहे. पण लहानांना असं पाठीशी घालून चालत नाही."

"मन बाजूला ठेवा. फोन काढा दोघंही."

त्यांनी चाचणीपुरत्या वेगळ्या सर्व्हरवर, नाव लिहिणं आणि रिपोर्ट शोधणं ह्यांच्या मध्ये, दोन सेकंदांचा थांबा घालून ठेवला होता, पाटी पुसायला भरपूर वेळ मिळावा म्हणून. साहेब आणि डॉक्टरीणबाई आपापल्या नावाने आत गेले. मूळपुरुषांनी एक, दोन, तीन म्हटलं. साहेबांच्या नावावर पहिल्याच फटक्यात डॉक्टरीणबाईंचं कोलेस्टेरॉल आलं, आणि ते काही कमी नव्हतं.

"तो फोन इकडे द्या," बाई म्हणाल्या. पत्र कुठे गेलं ते मग कुणी विचारलं नाही. नवी कायम झाली. लॅबना फोन साहेबांनीच केले, आणि त्यांत 'आमच्या दक्षतेमुळे उघडकीस आलं' असं वाक्य होतं.

त्या दुपारी मूळपुरुष नवीच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझ्या ओळी बरोबर होत्या." हे वाक्य त्यांच्या तोंडून नऊ वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं. नंतर तीन आठवडे ते वंशावळ दुरुस्त करत बसले. 'चालू पेशंट' काढून टाकला. आलेल्याचं नाव आता त्या त्या मागण्याबरोबर हातोहात पुढे जायचं, मध्ये कुठे लिहून ठेवायचं नाही. त्यासाठी प्रत्येक पान उघडून बघावं आणि लागेल तिथे बदलावं लागत होतं. आम्ही मदत देऊ केली, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

शेवटच्या दिवशी ते खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले.

"तुझी सव्वीस पानं आहेत," ते म्हणाले. "एकातही काही बदलावं लागलं नाही. तू माझी पाटी वापरलीच नाहीस. प्रत्येक ठिकाणी पेशंट स्वतः वेगळा काढून घेतलास."

मी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं.

"केव्हा कळलं?"

"तीन वर्षं झाली."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही ऐकलं असतं, सर?"

त्यांनी चष्मा काढला आणि खरोखरच विचार केला. "नसतं ऐकलं. तुलाच चार शब्द सुनावले असते."

मला सुटल्यासारखं वाटलं. मी हसलोही थोडासा. ते हसले नाहीत.

"माझं सोड," ते म्हणाले. "त्या मुलीला पत्र देत होते, तेव्हा तू माझ्या शेजारीच बसला होतास."