पातेल्यातला आवाज

किस्से आम्ही जमवत नाही. ते उडदाच्या पिठासारखे असतात. संध्याकाळी खोली झाडून निघालो तरी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात, खिडकीच्या फटीत, आपल्याच पदरात सापडतात. मी सातवी शिकलेली, लिहायची सवय नाही. पण घरी सांगायला गेले की सासूबाई म्हणतात, पापड लाटायला जातेस की भुतं ऐकायला? म्हणून इथं सांगते.

रायपूरच्या चौबे कॉलोनीत वंदनाकाकूंच्या घरी वरच्या खोलीत आम्ही पापड लाटतो. काकू मूळच्या अमरावतीकडच्या, काका रेल्वेतून रिटायर झालेले. लाटणाऱ्या आम्ही तिघी. शकुनदीदी इथलीच, छत्तीसगढी, पन्नाशीची. तिच्या पापडातून खिडकी दिसते इतका तो पातळ. ज्योती आपली मराठी पोट्टी, पण मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीतच देणार. तिसरी मी. आणि कोपऱ्यात चटईवर माझी माही.

माही तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि तोवर तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. कान चांगले आहेत, डॉक्टर म्हणाले. हाक मारली की बघायची, मागितलं ते आणून द्यायची, पण ‘आई’सुद्धा नाही. शाळेत घालायचं होतं. शाळेच्या मॅडमनी गोड बोलून परत पाठवलं होतं, निदान स्वतःचं नाव सांगू लागली की आणा म्हणून. माझं सगळं लक्ष तिच्या ओठांवर असायचं. लाट्या कमी, ओठ जास्त.

खोलीत मनोरंजन म्हणजे ज्योतीचा फोन. तो ती रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा करते, म्हणजे आवाज मोठा येतो. त्यावर पॉडकास्ट लावते. काकूंनी विचारलं, हे काय असतं? ज्योती म्हणाली, रेडिओच समझो काकी, बस इसको जल्दी नहीं रहती.

काकूंचा एकच नियम. एकदा हात तेला-पिठात गेले की फोनला कोणी शिवायचं नाही. त्यामुळे एक संपलं की फोन आपल्या मनानं पुढचं लावतो, आणि जे येईल ते ऐकावं लागतं. एका दुपारी आम्ही मधमाश्या पाळणारा माणूस ऐकला, नवऱ्याला सोडून मजेत राहणारी बाई ऐकली, शेअर बाजार ऐकला. मग दोन पोरं आली, ती आकाशातल्या कुठल्याशा काळ्या खड्ड्याबद्दल बोलून राहिली होती. त्यात जे पडतं ते परत येत नाही, उजेडसुद्धा नाही.

शकुनदीदीचं लाटणं थांबलं. “अउ आवाज?” तिनं विचारलं. म्हणजे, आणि आवाज?

फोननं तोवर गाजर हलव्याची कृती लावली होती.

* * *

भुतांचं पॉडकास्ट ज्योतीला फार आवडतं. सांगणारा माणूस इतकं हळू बोलतो की आपण लाटणं थांबवून कान द्यावा. एकदा तो म्हणाला, तुम्ही आत्ता हे ऐकत आहात तर तुमच्या मागे कोणीतरी येऊन उभं आहे, ओळखीच्या आवाजात हाक मारेल, वळू नका.

आणि मागून हाक आली. काकूंचीच. “पोट्ट्यांनो, चहा ठेवू का?”

कोणी वळलं नाही. मान ताठ, लाटणी सुरू. काकूंनी पुन्हा विचारलं, मग चिडल्या. “काहून वं, बहिऱ्या झाल्या काय साऱ्याजणी?”

ज्योती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “काकी, पहले सामने आइए.”

काकू बडबडत समोर आल्या. त्याच होत्या, हातात चहापत्तीचा डबा. आम्ही श्वास सोडला, हसलो. काकू मात्र आमच्या पाठीमागं बघत होत्या. म्हणाल्या, आणि ही अशी कधीची उभी आहे इथं?

आमच्या अगदी पाठीला लागून माही उभी होती. चटईवरून केव्हा उठली, कोणालाच कळलं नव्हतं. ती पाऊलसुद्धा वाजवत नसे.

* * *

आयांसाठीचं एक पॉडकास्ट असतं. बाई कुठल्या मोठ्या शहरातली, आवाज असा की आपल्या पाठीवर हात ठेवून बोलते आहे. ती मुलांची लक्षणं सांगत गेली आणि माझ्या पापडांना भोकं पडत गेली. प्रत्येक लक्षण माहीचं. शेवटी ती म्हणाली, मुलाशी दिवसभर बोला, गोष्टी सांगा. गोष्ट येत नसेल तर तुम्ही हातानं जे करताय तेच सांगा.

मला गोष्टी येत नाहीत. माहीपुढं बसले की जीभ टाळ्याला चिकटते, भीती वाटते की आताही ही काही बोलणार नाही. तरी घरी जाऊन सुरू केलं. माही, बघ, आई कणीक भिजवून राहिली. आई पोळी लाटून राहिली.

माही ऐकत होती, पण माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या खांद्याच्या जरा वर, मागे बघत होती, जसं तिथून कोणी बोलत आहे. मी सरकले, तर तिची नजरही तेवढीच सरकली. मी बोलायची थांबले तेव्हा तिनं मान खाली घातली.

यांना सांगितलं. हे नवा रायपुरला एका ऑफिसात गाडी चालवतात, दमून येतात. म्हणाले, तू फार विचार करते. सासूबाई म्हणाल्या, विचार नाही करत, पोरीला फोनच्या हवाली करून मोकळी होते. मला ते लागलं, कारण खरंच होतं. मला जे सांगता येत नव्हतं ते पातेल्यातून कोणीतरी सांगत होतं, आणि मी माहीची चटई रोज जराशी पातेल्याकडं सरकवत होते.

* * *

हा किस्सा शकुनदीदीचा. तिच्यासमोर आम्ही काढत नाही.

गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या कहाण्या कोणी पोरांनी रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत. फोननं एके दिवशी आपणहून त्यातली एक लावली. एक म्हातारा छत्तीसगढीत सांगत होता, आमच्या गावचा तलाव उन्हाळ्यात आटला की लोकांना नावानं हाका मारतो. मागे कोंबडा ओरडला, सायकलची घंटी वाजली. मध्येच म्हाताऱ्याला खोकला आला आणि तो तिथल्याच कोणाला तरी म्हणाला, “ए नोनी, पानी दे तो.”

नोनी म्हणजे पोरगी. शकुनदीदी उठली. तेलाच्या हातानंच माठातून लोटा भरला, पातेल्यासमोर नेऊन ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

तो तिचा बाप होता. जाऊन वर्षं झाली. पोरं रेकॉर्डिंगला आली त्या दिवशी ती माहेरीच होती, आतल्या खोलीत. ती नोनी म्हणजे तीच.

म्हाताऱ्यानं पुढं कहाणी सुरू केली, ती संपली, दुसरं काहीतरी लागलं. शकुनदीदी लोट्याकडे बघून एवढंच म्हणाली, “ओ दिन मँय पानी दे रेहेंव के नहीं, सुरता नइ आवत हे.” त्या दिवशी पाणी दिलं होतं की नाही, तिला आठवत नव्हतं.

संध्याकाळी काकूंनी लोटा उचलला तर तो अर्धा होता. माही प्यायली असेल, असं मीच पटकन म्हटलं. पण माही प्यायली की अर्धं पाणी अंगावर सांडतेच, आणि तिचा फ्रॉक कोरडा होता.

* * *

आता शेवटचा. हा अजून मी पुरता कोणाला सांगितला नाही.

उन्हाळ्याच्या आधी आम्हाला फोनवर एक बाई सापडली. हिंदीत एकच लांब कहाणी सांगायची, रोज थोडी थोडी. ‘और अब आगे सुनिए’ म्हणायची आणि म्हणायच्या आधी एक बारीक श्वास घ्यायची. कहाणी एका गावाची. तिथल्या बायका परगावी कामाला जाताना आपला आवाज मडक्यात ठेवायच्या, वर झाकण घालायच्या आणि मडकं शेजारणीकडं द्यायच्या, परत येईपर्यंत सांभाळायला. त्यातली एक पुष्कळ दिवसांनी परत येते, मुकीच शेजारणीच्या दारात जाते, आत बघते. ‘मटके का मुँह खुला था. और अंदर...’

तिथं भाग संपला. दुसऱ्या दिवशी नवीन आलाच नाही. तिसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. ज्योतीनं तिला लिहून पाठवलं, उत्तर नाही. आम्ही तिघी भांडायला लागलो. ज्योती म्हणे शेजारीण आवाज वापरून राहिली. शकुनदीदी म्हणे साप असणार. काकू म्हणाल्या, त्या रिकाम्या मडक्यापायी माझा माल मागे पडला, गोल बाजारचा दुकानदार रोज फोन करून राहिला.

मग ज्योती सुट्टीवर गेली, मावसबहिणीच्या लग्नाला. फोन तिच्यासोबत. पातेलं रिकामं, खोलीत नुसती लाटणी. भर दुपार, ऊन गच्चीवर पापडांवर पसरलेलं. माही चटईवरून रांगत पातेल्यापाशी गेली आणि तिनं त्यात तोंड घातलं.

आधी एक बारीक श्वास ऐकू आला.

“और अब आगे सुनिए. मटके का मुँह खुला था. और अंदर आवाज़ नहीं थी. आवाज़ खेलने गई थी.”

आवाज लहान पोरीचा होता, पण बोलणं त्या बाईचं. तेच थांबणं, तोच सूर. शकुनदीदीनं हात जोडले. मी माहीला उचललं, छातीशी धरलं, तिच्या केसांना सगळं पीठ लागलं. ती हसत होती. मी रडले, आणि रडतानाही तो श्वास माझ्या कानातून जात नव्हता.

त्यानंतर ती बोलतच सुटली. पाणी, चिमणी, बाबा, आई, सगळं. मराठीही आलं, आमचंच, तुले-मले वालं. पण हिंदी बोलली की स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी, आणि आधी तो श्वास. सासूबाईंनी देवापुढं पेढे ठेवले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, आपल्या घरात असं हिंदी कोण बोलते? शाळेच्या मॅडम नाव ऐकून खूश झाल्या. म्हणाल्या, कोणाकडून शिकवलं? मी म्हटलं, घरीच.

पण मला झोप नव्हती. तिच्या तोंडून शब्द आला की आधी आनंद व्हायचा आणि मागोमाग वाटायचं, हा कोणी परत मागितला तर?

पाऊस लागायच्या बेतात होता, त्या दिवशी ज्योती धावत जिना चढली. नवीन भाग आला होता. तिनं फोन पातेल्यात ठेवला आणि हात धुऊन पिठाला बसली. माही माझ्या मांडीला टेकून लाटीचा उंदीर करत होती.

बाईचा आवाज घोगरा, थकलेला. म्हणाली, माफ करा, माझा आवाज गेला होता. एका सकाळी उठले तर नव्हताच. सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टरांना काही सापडलं नाही. आता थोडा थोडा परत येतो आहे. मग तिनं तो बारीक श्वास घेतला.

“और अब आगे सुनिए. मटके का मुँह खुला था. और अंदर आवाज़ नहीं थी. आवाज़...”

मी उठले. तेला-पिठाचे हात, काकूंचा नियम, काही आठवलं नाही. पातेल्यातून फोन ओढला आणि दिसेल तिथं बोट दाबत राहिले, तो गप्प होईपर्यंत. ज्योती माझ्याकडे बघत राहिली. काकूसुद्धा रागावल्या नाहीत.

मी माहीकडे वळले. तिनं उंदीर खाली ठेवला होता. ओठ मिटलेले. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती.

“माही,” मी म्हटलं, “बोल ना राणी. काहीतरी बोल.”

ती उठली. माझ्या मुठीवर आपला हात ठेवला. श्वास घेतला नाही, थांबली नाही, सरळ बोलली.

“आई, तिले बोलू दे ना. मले येते आता.”