शेतकरीण म्हणजे कोण

भाजावळीचा धूर नाकात गेला की ती दुपार आठवते. वडील मुंबईत नोकरीला, त्यामुळे शेत आईच करायची. त्या दुपारी ती पेरणीआधीच्या भाजावळीसाठी शेताच्या कोपऱ्यातला पालापाचोळा जाळून राखेने माखल्या हातांनी घरी आली, तर ओटीवर पीकपाहणीचे साहेब बसलेले. "शेतकरी कोण?" त्यांनी विचारलं. "मीच करते शेती," आई म्हणाली. "तसं नव्हे वहिनी, मालकांचं नाव सांगा." तिने सांगितलं. ते गेल्यावर मी चिडून माझ्या शाळेच्या शब्दकोशात 'शेतकरीण' शोधलं, तर अर्थ दिला होता, शेतकऱ्याची बायको. आईला वाचून दाखवलं. हात धूत ती म्हणाली, "मग बरोबरच लिहिलंन त्याने." गेल्या वर्षी आई गेली. मृत्यूच्या नोंदीत व्यवसायापुढे कारकुनाने मला न विचारताच 'गृहिणी' लिहिलं, आणि मीही सही करून बाहेर पडले.