नालोंगोची ताठ मान

नणंदेचं कौतुक भावजयीच्या तोंडून ऐकायचं असेल तर आमच्या मुकोनो गावात येऊ नका. पण खरं ऐकायचं असेल तर माझ्याकडेच यावं लागेल. माझी थोरली नणंद जुळ्यांची आई, म्हणून सगळा बाजार तिला नालोंगो म्हणतो. तिचं मूळ नाव मलासुद्धा आठवावं लागतं. हिरव्या केळ्यांचे घड विकते. आवाज असा की पलीकडच्या रांगेतली कोंबडी अंडं द्यायची थांबते. तर या बाईनं साठीला टेकल्यावर बॅलेच्या क्लासात नाव घातलं.

कारण गुडघे. माझ्या मुलीचं, नाबुकेराचं, क्वांजुला ठरलं होतं. मुलाकडची मंडळी वाजतगाजत आमच्या दारी मागणी घालायला येणार. मुलीच्या आत्यानं मांडवात येऊन त्यांच्यापुढे गुडघे टेकायचे, कुशल विचारायचं, उठायचं, आणि त्या गर्दीतून नवरा मुलगा हुडकून त्याच्या छातीला फूल लावायचं. हा मान आत्याचा, आईचासुद्धा नाही. आणि नाबुकेरा शाळेच्या सगळ्या वर्षांत नालोंगोच्याच घरी वाढली. लाड तिचे, मारही तिचाच.

पण आदल्या वर्षी एका चुलत पुतणीच्या मांडवात नालोंगो गुडघ्यांवर बसली ती बसलीच. शेवटी दोन जावयांनी काखेत हात घालून तिला उचललं, आणि व्हिडिओवाल्यानं ते अगदी जवळून टिपलं. तेव्हापासून धाकटी नणंद नाकिमुली गोड गोड बोलायला लागली, की ताईला कशाला त्रास, या खेपेला मी बसते.

नालोंगो मला म्हणाली, "मी पोर वाढवली, आणि फूल हिनं लावायचं? मग मी त्या मांडवात पाय ठेवणार नाही."

ती बोलली म्हणजे तसं करणार. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, पण नुसतं हवेत पाय हलवायला मी काय खुळी आहे का, असं तिचं म्हणणं. मग एक दिवस तिला बाजारासमोरच्या हार्डवेअरच्या दुकानावर, वरच्या मजल्याच्या खिडकीत, पोरी दिसल्या. भिंतीला लावलेला दांडा धरून गुडघ्यात वाकत होत्या आणि परत वर येत होत्या. खाली पाटी होती, बॅले, मुलांसाठी व मोठ्यांसाठी. म्हणाली, मला एवढंच पाहिजे, बाकीचा नाच त्यांचा त्यांना लखलाभ. आणि सोबत म्हणून माझीही वरात निघाली.

मोठ्यांमध्ये आम्ही दोघीच, बाकी सगळी चिल्लर. शिकवणारी नासूना नैरोबीत शिकून आलेली, पण वयानं आमच्या पोरींएवढी. आता थोरल्या बाईशी बोलायचं तर आधी गुडघे टेकायला नकोत? ती बिचारी नालोंगोपुढे गुडघे टेकायची, प्रकृती विचारायची, घरच्यांची विचारायची, मग हळूच म्हणायची, पोट जरा आत घ्याल का. तोवर गाणं संपलेलं. मग माझ्याकडे वळून पुन्हा सगळं पहिल्यापासून. असं दोन-तीन शनिवार चाललं. वाकून वाकून नासूनाचे गुडघे उत्तम झाले, आमचे होते तिथेच.

शेवटी नालोंगोनंच हुकूम सोडला, "या खोलीत मी म्हातारी नाही. ओरड माझ्यावर."

नासूना ओरडली. आणि लगेच माफी मागायला खाली बसली.

पुढे ती सरावली, आणि मग आमचे हाल सुरू झाले. आमच्याकडे काही वाजलं की बाईची कंबर आपली आपण हलते, ती हलवावी लागत नाही. नालोंगोनं तर तरुणपणी याच कंबरेवर मांडव गाजवलेले. आणि इथे नासूना सांगणार, कंबर गप्प ठेवा. नालोंगो म्हणाली, ती माझ्या आईचंही ऐकत नव्हती, तुझं कुठून ऐकणार. चिमुरड्या पोरी खुदुखुदु हसायच्या.

खरं भांडण मात्र मानेचं. पाहुण्यांपुढे बाईनं नजर जमिनीवर ठेवायची, हे आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. नालोंगो नजर खाली घालून वाकायची आणि भेलकांडायची. एकदा तर दांडा धरलेल्या चार पोरींना घेऊन आडवी झाली. नासूनानं तिला बजावलं, की खाली बघितलंत की खाली जाल. हनुवटी वर, डोळे लांब कुठेतरी, काही झालं तरी मान हलवायची नाही. नालोंगोला ते फार निलाजरं वाटायचं. पण एका शनिवारी मान ताठ ठेवून ती दांडा न धरता जमिनीवरून उठली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना एक शिवी हासडून ती जिना उतरली आणि खाली रंगाच्या डब्यांआड उभी राहून रडली. मी बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवलं.

क्वांजुलाच्या दिवशी नाकिमुली नवीकोरी गोमेसी नेसून तयारच होती, न जाणो वेळ आली तर. पण नालोंगो तिच्या पुढून झोकात मांडवात शिरली, गुडघे टेकले, कुशल विचारलं. मग उठायला लागली. पाठ ताठ, हनुवटी वर, नजर पाहुण्यांच्या डोक्यावरून थेट मांडवाच्या खांबावर. एक पाऊल टेकलं आणि तिथेच गुडघा अडकला. ना वर, ना खाली.

मान हलवली की पडणार, हे तिला ठाऊक आणि मला ठाऊक. मुलाकडच्यांना काय दिसलं? मुलीची आत्या आपल्याकडे बघायलासुद्धा तयार नाही. त्यांच्या बाजूनं बोलणारा माणूस भाडोत्री आणि पट्टीचा, पण त्याचीही बोबडी वळली. म्हणाला, आत्याबाई नाराज दिसतात, आमचं काही चुकलं असेल. साखरेचं पोतं पुढे आलं. नालोंगो खांबाकडेच बघतेय. सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट आले. ती तशीच. मग त्यांच्यात कुजबुज झाली आणि एक बोकड आला.

माझे यजमान मागून माझ्या कानात म्हणाले, "तिला सांग, अजून थोडा वेळ अशीच राहा."

सख्खी बहीण थरथरतेय आणि या माणसाला बोकड दिसतोय. मला त्यांच्या टाळक्यात खुर्ची घालावीशी वाटली. तिकडे नाकिमुली गोमेसीचा कमरपट्टा सावरून पुढे सरकायला लागली होती.

तेवढ्यात घरातून नाबुकेरा बाहेर आली. बोलावल्याशिवाय नवरीनं मांडवात यायचं नसतं, आणि अजून तिला कोणी बोलावलं नव्हतं. बायकांनी तोंडावर हात ठेवले. ती सरळ येऊन आत्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली आणि तिनं आपला खांदा नालोंगोच्या काखेखाली दिला.

नालोंगो मान न हलवता पुटपुटली, "आत जा. लोक काय म्हणतील."

"म्हणू देत. तुम्ही उठा," पोर म्हणाली.

ती उठली. सगळ्यांदेखत, पोरीच्या खांद्यावर भार टाकून. मग तिचा हात न सोडता पाहुण्यांच्या रांगेत शिरली. पांढरा पायघोळ कांझू घालून मित्रांच्या आड दडलेल्या नवऱ्या मुलापुढे जाऊन थांबली. फूल हातातच ठेवलं.

"मी अडकले तर ही आली, कोणाला न विचारता," ती त्याला म्हणाली. "ही अडकली तर तू येशील?"

भाडोत्री माणूस लगबगीनं उठून घसा खाकरायला लागला. त्या दिवशी नवऱ्या मुलानं तोंड उघडायचंच नसतं, बोलायला तो ठेवलेला.

"तू बस," नालोंगो म्हणाली. "हा सांगेल."

पोरगा घामाघूम झाला. त्यानं आधी काकांकडे बघितलं, मग नाबुकेराकडे.

"येईन," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मागच्यांना पुढच्यांना विचारावं लागलं.

नालोंगोनं त्याच्या छातीला फूल लावलं, आणि मग त्याच्यापुढे मान खाली घातली. मी भावजय असून सांगते, त्या क्षणी मला ती बाई सख्ख्या बहिणीहून जवळची वाटली.