वन्संच्या फोटोतलं पाणी

झाशीच्या बडा बाजारात मी बांगड्या बघत होते, तेव्हा ह्यांचा फोन आला. "मंदाताई गेली," एवढंच म्हणाले. सकाळचा चहा पिऊन ती खिडकीशी बसली होती, तिथेच मान कलली... माझा चेहरा बघून दुकानदाराने हातातल्या बांगड्या अलगद काढून घेतल्या. "क्या हुआ, भाभीजी?" मी म्हटलं, "हमारी ननद नहीं रहीं, भैया." त्याने बांगड्या बाजूला ठेवल्या. "कैमरे वाली बुआजी?" मी मान हलवली. "हमारे ब्याह की फोटो उन्हीं ने खींची थी," तो म्हणाला, "उसमें हम कहाँ खड़े हैं, आज तक ढूँढ रहे हैं." आणि डोळे पुसता पुसता तो हसला. मीही हसले. जिवाभावाचं माणूस गेल्याची बातमी नुकती कळलेली आणि भर बाजारात मी हसतेय! पण वन्संना हेच आवडलं असतं, याची मला खात्री आहे.

मंदाकिनी म्हणजे माझी मोठी नणंद. मी साताऱ्याहून लग्न होऊन झाशीला आले, तेव्हा माझ्या माहेरी नणंदेला 'वन्सं' म्हणणं केव्हाच बंद पडलं होतं. इथे सासरी मात्र कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या पूर्वजांबरोबर आलेले शब्द डब्यात झाकून ठेवल्यासारखे टिकले होते. घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी आणि बुंदेली, आत आलं की 'वन्सं'. या वन्सं रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी वापरलेला कॅमेरा घेतला होता. रात्रपाळी असली की दिवसभर तो खांद्याला लावून भटकत. घरच्यांनी आधी कुरकुर केली, मग सवय करून घेतली.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी मला शालू नेसवून लक्ष्मी तालावर नेलं आणि तळ्याच्या कडेला, देवळासमोर उभं केलं. स्वतः मागे मागे जात इतक्या लांब गेल्या, की मला वाटलं, आता घरीच पोचतात. तो फोटो मी हौसेने आईला पाठवला. आईचं उत्तर आलं, "देवळाचा फोटो छान आहे. तू कुठे आहेस?" मी रुसले. वन्संनी मला जवळ बसवून फोटोतल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही तू. आता नुसतं तुझं तोंड काढलं असतं, तर तू झाशीत आहेस की साताऱ्यात, हे आईला कसं कळणार? माणूस कुठे उभं आहे, ते दिसायला नको?" त्यांचा युक्तिवाद मला तेव्हा मुळीच पटला नाही. माझा शालू फार सुंदर होता.

एक्स्चेंजमधल्या त्यांच्या मैत्रिणीचं, शकुंतलाचं माहेर मोठ नावाच्या गावाच्या अलीकडे एका खेड्यात होतं. तिच्या भावाच्या लग्नाला म्हणून वन्सं तिथे गेल्या आणि गावच्या तलावाच्या प्रेमातच पडल्या. दगडी पायऱ्यांचा जुना, ऐसपैस तलाव, काठावर एक वाकडा कडुनिंब, त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला देव. त्या भागात नवी नवरी आली की आधी तलावावर नेतात. वन्संनी त्या नवरीचा फोटो पायऱ्यांवर काढला आणि पुढच्या खेपेला छापून नेऊन दिला. मग काय! गावात लग्न ठरलं की आमच्याकडे निरोप यायचा. मीही कितीदा तरी त्यांच्याबरोबर गेले. माझं काम ठरलेलं. नवरीचा पदर सारखा करायचा आणि मध्ये येणाऱ्या म्हशी हाकायच्या. फोटो हातात पडला की तोंडच दिसत नसल्याची तक्रारही ठरलेली. "जिज्जी, हमाओ मों तौ दिखातई नइयां! पानी की फोटू खेंची है कि हमाई?" वन्सं हसून म्हणत, "दोनों की." तरी प्रत्येक घरात तो फोटो चौकटीत बसून भिंतीवर लागायचाच.

मध्यंतरी त्यांच्या डोक्यात वेगळंच शिरलं होतं. शहरातल्या तळ्यात जलपर्णी माजली, कचरा साठला, तेव्हा त्या फक्त तेच टिपू लागल्या. हिरवा चिखल, प्लास्टिक, मेलेले मासे. एका शाळेच्या सभागृहात त्यांनी प्रदर्शनही मांडलं. मी दाराशी पाणी द्यायला उभी होते. लोक येत, नाकाला रुमाल लावल्यासारखा चेहरा करत आणि भराभर बाहेर पडत. संध्याकाळी फोटो उतरवताना वन्संनी एकेक खिळा उपटून डबीत टाकला. मग म्हणाल्या, "चुकलंच माझं. घाण दाखवली की लोक तोंड फिरवतात. आपल्या हातून काय जाणार आहे, ते दाखवलं पाहिजे." त्यानंतर त्या पुन्हा नवरींकडे, म्हाताऱ्यांकडे, पाण्याकडे वळल्या. घाणीचे फोटो सोडले नाहीत, पण एकटे कधी लावले नाहीत.

त्या निवृत्त झाल्या आणि थोड्याच वर्षांनी शकुंतलाचा घाबराघुबरा फोन आला. तलावाच्या वरच्या टोकाला ट्रकने माती पडत होती. तिथे प्लॉट पाडायचं घाटत होतं. गावकरी सरकारी कचेरीत जाऊन आले, तर त्यांना सांगण्यात आलं, की तिथे तलाव नव्हताच, खोलगट जमीन आहे, पावसाचं पाणी साचतं, झालं. वन्सं दुसऱ्याच दिवशी आपले दोन उत्तम फोटो घेऊन कचेरीत गेल्या. मीही बरोबर होते. साहेब तरुण होता, उद्धट नव्हता. फोटो बघून म्हणाला, "मैडम, फोटो तो सुंदर है. पर बारिश के दिनों की होगी. और क्या पता, कहाँ की है." त्याचंही खोटं नव्हतं. परतीच्या बसमध्ये वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या आणि एकदम माझा दंड धरून म्हणाल्या, "अगं, लग्नं कधी होतात?"

लग्नं होतात उन्हाळ्यात! भर वैशाख-जेठात, जेव्हा बुंदेलखंडात विहिरी तळ दाखवतात. आणि त्यांच्या प्रत्येक नवरीमागे तलाव काठोकाठ उभा होता. आम्ही पुढल्या थांब्यावर उतरलो आणि उलट बस धरली. वन्संनी घरोघर जाऊन सांगितलं, भिंतीवरचा फोटो उतरवा.

ती ट्रॉली मी जन्मात विसरणार नाही. ट्रॅक्टरच्या मागे दाटीवाटीने बसलेल्या बायका आणि प्रत्येकीच्या मांडीवर, शालीत गुंडाळलेलं, लेकरासारखं जपलेलं आपलं लग्न. वाटेत खड्ड्यात एक काच फुटली, तेव्हा ती आपल्या धक्क्याने फुटली की हिच्या, यावर दोन विहिणींचं जुंपलं. कचेरीत साहेबाचं टेबल भरलं, मग खुर्च्या भरल्या, मग बायका फोटो छातीशी धरून भिंतीला ओळीने उभ्या राहिल्या. सगळ्यांत तोच वाकडा कडुनिंब, तोच शेंदरी देव, त्याच पायऱ्या. नवऱ्या तेवढ्या निराळ्या. साहेब एकेका फोटोशी वाकून बघू लागला. "ये कौन से महीने की है, अम्मा?" म्हातारी फणकारली, "ब्याव की है, साब, जेठ की! जेठ में कहूं बरसात होत?" सगळी कचेरी हसली. साहेबही हसला. मग वन्संकडे वळून म्हणाला, "पर आपने इतनी दूर से क्यों खींची? चेहरा तो पहचान में ही नहीं आता." वन्सं शांतपणे म्हणाल्या, "पास से खींचती, तो आज आप तालाब कहाँ देखते?"

तो स्वतः पाहणीला आला. ट्रक थांबले. पुढे मोजणी, तारखा, हेलपाटे पुष्कळ झाले आणि वन्सं सगळ्यांना गेल्या. गुडघे दुखत, तरी गेल्या. शेवटी तलाव कागदावर तलाव म्हणून लागला. टाकलेली सगळी माती काही निघाली नाही. वरच्या टोकाला एक उंचवटा अजून आहे, त्यावर आता गावची गुरं बसतात. वन्सं म्हणत, "असू दे. फोटोला चांगला आहे."

त्यांच्या तेराव्याला गावाहून माणसं आली, कार्तिकातल्या ताज्या शिंगाड्यांची मोठी टोपली घेऊन. त्या तलावातलेच. आम्ही ते उकडून, मीठ लावून सगळ्यांना वाटले. अंगणात सालींचा ढीग पडला आणि वन्संनी कोणाकोणाला उन्हात किती वेळ उभं केलं, याच्या गोष्टी दिवेलागणीपर्यंत चालल्या. रडणं कमी, हसणंच जास्त झालं.

त्यांची खोली मी अजून आवरलेली नाही. सकाळचा चहा मात्र आता आम्ही दोघं तिथेच घेतो. परवा खिडकीतून ऊन आलं. कोनाड्यातल्या तांब्यावर पडलं, तिथून ह्यांच्या पांढऱ्या दाढीवर. माझा डावा डोळा आपसूक मिटला आणि खुर्ची मी थोडी मागे सरकवली. फोटो काढण्याआधी वन्सं करत, अगदी तसंच. ह्यांनी विचारलं, "डोळ्यात काही गेलं का?"

"नाही हो," मी म्हटलं, "हलू नका. तसेच बसा जरा..."