बंदूक खाली ठेवायचं बटण

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. उद्या मोखाड्याच्या बाजारात मला गाठून तुम्ही काही विचारणार नाही.

आणि आधीच सांगून ठेवतो, मला वाईट वाटतंय की नाही, हे मलाच नीट ठरवता आलेलं नाही. सूड गोड लागला. खोटं कशाला बोलू? खोटं बोलून झालंय, तेवढं पुरे आहे.

सुरुवात एका गेमपासून करावी लागेल. हसू नका. मी मास्तर आहे, चाळिशीला टेकलोय, आणि शाळेतून घरी आलो की लॅपटॉपवर गेम खेळतो. 'राखरान' नावाचा. जग जळून गेलंय, शहरं ओस पडलीत, उरलेली माणसं टोळ्या करून राहतात आणि तुम्ही बंदूक घेऊन एकटेच हिंडता. कुणाला मारायचं, कुणाला पाणी पाजायचं, ते तुम्ही ठरवायचं. तुम्ही ठरवाल तशी गोष्ट पुढे जाते. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीनं केलाय. त्या कंपनीत गोष्टी लिहिणारा काशिनाथ, हा माझा मामेभाऊ. एकाच गावात वाढलो आम्ही, खोडाळ्याच्या पुढच्या एका गावात.

गेल्या वर्षी या गेमचा जोडभाग आला. वेगळा विकत घ्यायचा, वेगळा डाउनलोड करायचा. नाव 'सोंगांचं गाव', गोष्ट काशिनाथची. आमच्या गावातल्या नेटवर्कवर एवढी मोठी फाइल उतरेना, म्हणून लॅपटॉप मांडीवर घेऊन जीपनं जव्हारला गेलो आणि एका ओळखीच्याच्या दुकानात वायफाय धरून दिवसभर बसलो. एवढी उत्सुकता कशाची होती? काशिनाथचं काम भिकार निघावं, याची.

भिकार निघालं नाही. तिथंच माझं डोकं फिरलं. घाटातल्या वळणावर गंजलेली जीप, तिच्या टपातून वर आलेलं मोहाचं झाड. आटलेलं धरण, त्याच्या तळाला कुणीतरी लावलेली नागली, तुम्ही नाचणी म्हणता ती. मूळ गेममध्ये जखम झाली की डबाबंद अन्न शोधत फिरावं लागतं, इथं एखाद्या म्हातारीच्या चुलीजवळ जाऊन बसलं की ती भाकरी देते. काही ठिकाणी गेम अडकतो, माणसं भिंतीतून आरपार जातात, बैल एकदा झाडावर उभा दिसला. पण आवाज! लांबून डोंगरापलीकडून संबळ वाजतो आणि तुम्ही त्या आवाजामागे चालत राहता. मी हेडफोन काढून ठेवला होता थोडा वेळ. कारण तो संबळ कुठला, ते मला कळलं होतं.

तुम्हाला बोहाडा ठाऊक आहे का? होळीच्या सुमाराला आमच्याकडे देवांचे, राक्षसांचे मोठे मुखवटे चढवून माणसं टेंभ्यांच्या उजेडात नाचत येतात. एकेका देवाचा मुखवटा नि त्याचा नाच, त्याला सोंग म्हणतात; ते ज्या घराचं त्या घराचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. देवीचं सोंग आमच्या घराचं होतं. बापानं वर्षानुवर्षं नाचवलं. त्याचा गुडघा गेला तेव्हा मुखवटा माझ्या डोक्यावर आला, मी तेव्हा पोरगाच होतो. सोंग घेणाऱ्यानं आधी उपास पाळायचा असतो. मी पाळला, पण खोडाळ्याच्या बाजारात भाजलेल्या बोंबलाचा वास आला आणि राहवलं नाही. त्या वेळी काशिनाथ माझ्याबरोबर होता.

मग मी पडलो. देवळासमोर, सगळ्या गावादेखत. पुढे टेंभा धरून काशिनाथ चालत होता. हात लांबवला असता तर मी सावरलो असतो. तो हसला. मुकुटाचा तुकडा उडाला, संबळ थांबला, आणि जाणत्या माणसांनी विचारल्यावर काशिनाथनं बोंबलाचं सांगून टाकलं. सोंग आमच्या घरातून गेलं आणि कुणाकडे गेलं? त्याच्याच बापाकडे. माझ्या सख्ख्या मामाकडे. माझा बाप त्यानंतर बोहाड्याला कधी घराबाहेर आला नाही. मरेपर्यंत नाही.

काशिनाथ खरं बोलला होता, हे कबूल आहे मला. पण खऱ्याचा राग येत नाही का? मी डूख धरला तो तेव्हापासून. वरून मात्र चांगलं बोलायचो. तो पुण्याहून आला की आम्ही एका ताटात जेवायचो.

आता गेमचं पुढचं सांगतो. संबळाच्या मागे गेलं की सोंगांचं गाव लागतं. मिरवणूक समोरून येते, सगळ्यांत शेवटी देवी. तुमच्या हातात बंदूक असते. पडद्याखाली अक्षरं येतात — 'बंदूक खाली ठेव'. ते बटण दाबलं की कुणीतरी तुमच्या हातात टेंभा देतं आणि तुम्ही देवीच्या पुढे चालू लागता. देवळासमोर देवी अडखळते. मुखवट्याआडून एका पोराचा घाबरा श्वास ऐकू येतो. आणि पुन्हा अक्षरं येतात — 'हात दे'.

मी हात दिला. पोरगं सावरलं. संबळ वाजत राहिला.

समजलं ना, त्यानं काय केलं होतं? तो माफी मागत होता. माझी. इतक्या वर्षांनी. मला ते त्याच क्षणी कळलं — कळलं नाही, असं म्हणायची सोय मी ठेवत नाही. डोळे भरले माझे, हेही खरं. पण पाठोपाठ जे वर आलं ते वेगळंच होतं. माफी मागायची तर माझ्या दारात यायचं. माझ्या बापाच्या हयातीत यायचं. माझं पडणं तू पुण्यात बसून विकतोस? अनोळखी पोरांनी गंमत म्हणून मला हात द्यायचा?

मी गेम पुन्हा त्याच जागी नेला. बंदूक खाली ठेवली नाही. देवी समोर आली आणि मी गोळ्या घातल्या, मुखवट्यावर, एकामागून एक. गेम तुम्हाला तसं करायला सांगत नाही, फक्त अडवत नाही. तसं केलंत तर संबळ बंद पडतो, सगळे आपापले मुखवटे उतरवून तुमच्याकडे पाहत राहतात, नि तुम्ही त्या गावाला कायमचे पारखे होता. तो भाग मी कापला. देवी कोसळते तिथपर्यंतचाच व्हिडिओ ठेवला.

तो घेऊन जाणत्या माणसांकडे गेलो. व्हॉट्सॲपवर फिरतोय म्हणालो, कुणी पाठवला ठाऊक नाही.

त्यांनी आयुष्यात सिनेमा पाहिलेला, गेम नाही. सिनेमात जे दिसतं ते बनवणाऱ्यानंच ठरवलेलं असतं. गोळी काशिनाथनं झाडली नाही, खेळणाऱ्यानं झाडली, खेळणारा दुसरंही काही करू शकला असता, हे त्यांना कोण सांगणार? गावात ते सांगू शकेल असा एकच माणूस होता. त्यांनी त्यालाच विचारलं.

"मास्तर, तुला यातलं समजतं. काशिनाथनी आपले देवीला मारायचाच खेळ केला का रं? दुसरं काय नाय यात?"

"नाय," मी म्हणालो.

सगळं फिरवलं ते या खोट्यानं. एक शब्द.

मामाला बोलावलं. ज्या घरातल्या पोरानं देवीवर गोळ्या घालायला लावल्या, त्या घरात देवी राहणार नाही, ती परत आमच्या घरी येईल, असं ठरलं. मामा व्हिडिओकडे पाहत राहिला. मुखवटा फडक्यात गुंडाळून त्यानं स्वतः आमच्या ओट्यावर आणून ठेवला, आणि आई — त्याची बहीण — आत जाऊन बसली ती बाहेर आलीच नाही. मी मात्र त्या दिवशी बापाच्या फोटोपुढे उभा राहिलो. आता बघ, म्हणालो. काय छाती फुगली होती माझी!

काशिनाथचा फोन आला होता. रडत होता. "अरे, तसा नाय तो गेम. तू तरी समजाव रं त्यांना, तुझं ऐकतील." मी म्हणालो, बघतो. मग त्यानं विचारलं, तू खेळलास का? देवळापर्यंत पोचलास? मी म्हणालो, इथं नेटवर्क कुठं आहे, डाउनलोडच झाला नाही. "पोच कधीतरी," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो गावाला आलेला नाही.

त्या होळीला मी देवी झालो. मुखवटा जड असतो. डोक्यावर फडक्याची घडी बसवून दोऱ्या मानेमागून आवळाव्या लागतात, नाहीतर नाचताना सरकतो. आमच्या घरात ते करणारा बाप उरला नव्हता. मी दोऱ्यांशी झटत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी हात घातला. मामा होता. बोलावलं नव्हतं त्याला. मुखवट्याला हात न लावता त्यानं फक्त दोऱ्या घेतल्या आणि गाठ मारली.

"घट्ट झाला का रं?" त्यानं विचारलं. "पडशील नाय ना?"

मी नाही म्हणालो. मुखवट्याआड माझा श्वास मलाच ऐकू येत होता.

पडलो नाही. पुढे टेंभा धरून मामाच चालला, एक हात मागे माझ्याकडे ठेवून.

यंदाही सोंग माझंच आहे. मामाचा परवा निरोप आला, दोऱ्या जुन्या झाल्यात, नव्या वळून ठेवतोय म्हणून. माझा उपास सुरू झालाय. आता मी तो अगदी चोख पाळतो.